परमुलखातील पत

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीच्या शिवेला लागून असलेले गाव गेल्या पाव शतकात ज्या वेगाने पालटले, त्या वेगाने पालटलेली गावे महाराष्ट्रात थोडीच सापडतील. ज्या गावाचा सारा जमाखर्च विकास सोसायटीचे पीककर्ज, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे पासबुक आणि कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडून येणारे उसाचे बिल एवढ्यात आटोपण्यासारखा होता, त्याच्या दारात १९९०च्या दशकाच्या अखेरीस शेजारी उभ्या राहिलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाने जगाच्या पाठीवरचे चलनव्यवहार आणून सोडले. आज मारुंजीच्या रस्त्यावर मनोऱ्यांच्या बांधकामावर राबणारा बिहार-झारखंडचा मजूर, विदर्भ-मराठवाड्यातून किंवा आंध्र-तमिळनाडूतून संगणकाच्या चाकरीसाठी आलेला पदवीधर आणि वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुकीवर आलेला एखादा परदेशस्थ असे नाना मुलखांचे लोक एकमेकांस ओलांडून जातात. आणि याच परिसरातल्या सदनिकांना कुलूप घालून कित्येक कुटुंबे फ्रांकफुर्ट, डॅलस किंवा मेलबर्नच्या वाटेला लागतात. येणाऱ्यांच्या आणि जाणाऱ्यांच्या भाषेत, पगारात व प्रतिष्ठेत कितीही अंतर असले, तरी निवाऱ्याची सोय लागताच उभा राहणारा दुसरा प्रश्न सर्वांचा एकच असतो: मिळकत ठेवावी कोठे, देणी भागवावी कशी आणि घरी पैसा पाठवावा कोणामार्फत?

या प्रश्नाचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. पैसा स्थलांतर करण्यास फार पूर्वीच शिकला. पत मात्र आजतागायत शिकलेली नाही. ज्या गावी मनुष्य जन्मतो, जेथे त्याच्या बापाचे देणेघेणे चार लोकांनी पाहिलेले असते, तेथे त्याचा शब्द हाच दस्तऐवज असतो. शीव ओलांडली की तोच मनुष्य, तीच सचोटी आणि तीच मिळकत कायम असूनही, व्यवहाराच्या लेखी तो कालच जन्मलेला ठरतो. म्हणून परमुलखात गेलेल्याला प्रत्येक काळात कोणी तरी जामीन लागला: कधी पेढी, कधी गावभाऊ, कधी टपालखाते, कधी सरकार. या जामिनाचे रूप कसकसे बदलत गेले ते पाहणे मारुंजीसारख्या गावाच्या संदर्भात उद्बोधक ठरेल, कारण त्या बदलातील जवळजवळ प्रत्येक टप्प्याची खूण पुणे-चिंचवड-पिंपरीच्या याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास उमटलेली आहे.

पेशवाईत परमुलूख फार लांब नव्हता. नाण्याच्या हिशेबाने तो चार-सहा मुक्कामांवरच सुरू होई. पुण्यास अंकुशी रुपया चाले, नाशिककडे चांदवडी, भोसल्यांच्या राज्यात नागपुरी, आणि निजामाच्या हद्दीत पाऊल टाकले की आणखी निराळा. खुद्द चिंचवडासही त्या काळी टांकसाळ होती. नाणे झिजलेले असो, त्यात हीण अधिक असो, वा केवळ ते परप्रांताचे असो, स्थानिक चलनात बदलून घेताना सराफ त्यावर बट्टा कापून घेई, आणि हा बट्टा गावागणिक व हंगामागणिक कमीजास्त होत असल्यामुळे खतात रक्कम लिहिताना रुपया कोणत्या शिक्क्याचा हेही नमूद करण्याची चाल पडली होती. सराफाने नाणे दगडावर वाजवून पाहावे, काट्यावर तोलावे आणि मग आपला दर सांगावा. परक्या गिऱ्हाइकास तो दर खरा की खोटा हे पारखण्याचे कोणतेही साधन नसे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या सर्व मुलखात चालू केला तेव्हा सराफांच्या धंद्याचा मोठा आधार ढासळला. परंतु नव्या ठिकाणी पोहोचल्याबरोबर चलन बदलताना प्रथम नाडला जातो तो नवखाच, हा अनुभव मात्र त्या कायद्याबरोबर संपला नाही.

नाण्यांच्या या गोंधळातून वाट काढणारे साधन म्हणजे हुंडी. काशीयात्रेस निघालेल्या पुणेकराने रोकड बरोबर बाळगणे म्हणजे पेंढाऱ्यांस आमंत्रण देणे होते. म्हणून त्याने पुण्याच्या पेढीवर रक्कम भरावी, पेढीने आपल्या काशीच्या आडत्यावर हुंडी लिहून द्यावी, आणि काशीस पोहोचल्यावर तो कागद दाखवून तेथील चलनात पैसा उचलावा, अशी ही व्यवस्था होती. दाखविताक्षणी वटावयाची ती दर्शनी आणि ठरावीक दिवस लोटल्यावर वटावयाची ती मुदती. कागद गहाळ झाला तर दुसरी प्रत पेठ आणि तीही हरवली तर तिसरी प्रत परपेठ, इतकी तरतूद या शास्त्रात होती. या सोयीबद्दल पेढी जी हुंडणावळ घेई, तिचा दर वाटेतील जोखमीवर आणि कोणत्या पेठेत त्या वेळी पैशाची चणचण आहे यावर ठरे. मात्र हुंडीतील सर्वांत सूक्ष्म कलम होते ते ‘शहाजोग’ या प्रकाराचे: अशा हुंडीची रक्कम ज्याच्या हातात कागद आहे त्याला सरसकट न देता बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित मनुष्यालाच द्यावयाची असे. म्हणजे कागद खरा आणि रक्कम भरलेली असूनही परक्या गावात कोणी तरी ‘हा गृहस्थ आमच्या माहितीतला आहे’ असे म्हणणे आवश्यकच राही. यात्रेकरूचे कूळ, गाव आणि पूर्वजांची नावे ज्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असत, त्या तीर्थोपाध्यायांइतका समर्थ ओळख देणारा अशा वेळी दुसरा कोण असणार? हुंडीचा हा आधार नसलेल्याची गत काय होई याचे उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदवून ठेवले आहे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेल्या या भिक्षुकाची गाठीची मिळकत १८५७च्या धामधुमीत लुटली गेली, आणि घरी परतताना त्यांच्या खांद्यावर राहिली ती गंगोदकाची कावड.

इंग्रजी अमलात या कथेला उलटे वळणही लागले. मारवाड आणि गुजराथेतून पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत आलेले सावकार हे स्वतःच परमुलखातले होते. परंतु पुण्या-मुंबईच्या पेढ्यांशी असलेल्या जातिसंबंधामुळे ते आपली पत बरोबर घेऊनच आले, आणि नव्या दिवाणी न्यायालयांनी त्यांच्या खातेवहीस जे बळ दिले ते गावच्या जुन्या पंचांनी कधीच दिले नसते. कापसाची तेजी ओसरल्यावर कर्ज फिटेनासे झाले, जमिनी जाऊ लागल्या, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे रयतेने सावकारांची दुकाने फोडून कर्जखते व वह्या हिसकावून घेतल्या. पुढील काही आठवड्यांत हा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. १८७९च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोरच लिहिले गेले पाहिजे असा दंडक घातला, तो याच अनुभवातून. १९०४च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने आणि १९१७ साली स्थापन झालेल्या पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने पुढे जे उभे केले त्याचे मर्म हेच होते की, एका गावच्या लोकांनी एकमेकांची हमी घ्यावी. शेतकऱ्याला या व्यवस्थेने मोठाच आधार दिला. पण जो गाव सोडून जातो त्याला तिच्यात जागा नव्हती, कारण तिचा पायाच मुळी एकत्र राहणाऱ्यांची परस्परओळख हा होता.

गाव सोडून जाणाऱ्यासाठी निराळा जामीन पुढे आला, आणि तो म्हणजे टपालखाते. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढल्यापासून मुंबईच्या गिरण्यांकडे रत्नागिरी, सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या खेड्यांतून माणसांचा जो ओघ सुरू झाला, त्याला पगार मुंबईत मिळे आणि संसार गावी असे. सुरुवातीस सुट्टीवर जाणाऱ्या गावकऱ्याच्या हाती पुरचुंडी देण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डरीचे काम हाती घेतले आणि १८८२ साली बचत बँक उघडली, तेव्हा निरक्षर मजुराच्या आवाक्यात येणारी पहिली सार्वत्रिक अर्थव्यवस्था या देशात अवतरली. लिहिता येत नसेल त्याचा फॉर्म चाळीतल्या साक्षर शेजाऱ्याने भरावा, तळाच्या कुपनावर दोन ओळी खुशालीच्या लिहाव्यात, गावी पोस्टमनने दारात उभे राहून रोकड मोजावी, घेणारीने साक्षीदारासमोर अंगठा उठवावा, आणि त्या अंगठ्याची पोच पुन्हा मुंबईस यावी, अशा या साखळीत बँकेच्या इमारतीचे दर्शनही न घेता महिन्याचा व्यवहार पुरा होई. कोकणातील कित्येक गावांची चूल मनिऑर्डरीवर पेटते असे जे म्हटले जाई, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

परंतु मनिऑर्डर पैसा पोहोचवी. अडीनडीला उसना पैसा मिळवून देणे तिच्या हाती नव्हते. त्यासाठी गिरणगावात गावकरी मंडळाची खोली होती, भिशी होती, आणि यांपैकी काहीच जमले नाही तर पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी टेकून उभा राहणारा पठाण होता, जो स्वतःही परमुलखातलाच होता. कामगाराला महिनाभर उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांची पत तर कोणत्याच बँकेच्या पुस्तकात बसत नव्हती. धान्य उधार आणावयाचे, पैसे पगारानंतर वसूल करावयाचे आणि मधल्या काळाचे व्याज सावकाराला मोजावयाचे, या चक्रात त्या पिचत होत्या. १९६९ साली मोठ्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि एकमेकींच्या हमीवर या बायांना बँकांची कर्जे मिळवून दिली. ज्या बाईजवळ तारण ठेवण्यास काहीच नव्हते, तिच्या शेजारणींचा शब्द बँकेने तारण म्हणून स्वीकारला, ही घटना परमुलखातील पतव्यवहाराच्या इतिहासात मोठ्या योग्यतेची मानली पाहिजे.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची गोष्ट निराळी नव्हती, फक्त अंतर मोठे होते. करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या हिंदी लोकांत कोकणातले मराठी मजूरही होते. त्यांची संख्या आणि हिंदुस्थानाशी चालणारा व्यापार यांचा भार इतका पडला की १८७६ साली त्या बेटाने रुपया हेच आपले अधिकृत चलन ठरविले. मजुरामागोमाग त्याचा रुपया पोहोचला, असे हे दुर्मीळ उदाहरण. उलट पक्षी विद्यार्जनासाठी पश्चिमेकडे गेलेल्या तरुणाला हुंडणावळीची झळ प्रत्यक्ष सोसावी लागे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या महाराजांनी तीन वर्षांसाठी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. आणि १९२० साली राहिलेले शिक्षण पुरे करण्यास ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा मुंबईच्या प्राध्यापकीतून साठविलेल्या पैशाला जोड लागली ती नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या पाच हजार रुपयांच्या उसनवारीची. मित्राची हमी हाच येथेही जामीन होता. त्याच लंडनमध्ये त्यांनी रुपया आणि पौंड यांच्या नात्यावर लिहिलेला प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपयाची किंमत स्थिर राखावयाची ती कोणाच्या दृष्टीने, परदेशी देणी देणाऱ्याच्या की देशात भाकरी विकत घेणाऱ्याच्या, हा त्यातील प्रश्न परमुलखात दोन चलनांत जगणाऱ्या प्रत्येकाला आजही लागू पडतो.

नव्या देशात जाऊन पैशाचा संसार मांडण्याचा सर्वांत कठीण प्रसंग मात्र मारुंजीपासून थोड्याच अंतरावर, पिंपरीस घडला, आणि तो ज्यांच्यावर ओढवला त्यांनी देश स्वखुशीने सोडला नव्हता. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या हिंदूंना मुंबई प्रांतात ज्या छावण्यांत आसरा मिळाला त्यांत कल्याणची छावणी पुढे उल्हासनगर झाली, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे, जेथे महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांना ठेवले होते तेथेच, गांधीनगर वसले, आणि पिंपरीची छावणी ‘कॅम्प’ याच नावाने मोठी बाजारपेठ बनली. या लोकांचा पैसा कराची, हैदराबाद आणि शिकारपूरच्या पेढ्यांत, बँकांत, मालमत्तेत आणि उधारीत अडकून पडला होता. त्यांच्या हातातील नोटांची कथा तर अधिकच चमत्कारिक आहे. फाळणी झाल्यावरही काही महिने रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती, आणि पाकिस्तानासाठी काढलेल्या नोटा म्हणजे भारताच्याच नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी इंग्रजी व उर्दू मोहोर उठविलेल्या नोटा होत्या. ही व्यवस्था सप्टेंबर १९४८ अखेर चालावयाची होती. ती ३० जूनलाच संपविण्यात आली आणि १ जुलैपासून कराचीच्या स्टेट बँक ऑफ पाकिस्तानने कारभार हाती घेतला. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने पौंडाबरोबर आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन वर्षांपूर्वी जो रुपया एकच होता त्याच्या हिशेबात १०० पाकिस्तानी रुपये म्हणजे १४४ भारतीय रुपये असे अंतर पडले.

ज्या समाजातील शिकारपुरी सावकारांच्या हुंड्या एके काळी काबूल-बुखाऱ्यापर्यंत बिनदिक्कत वटत असत, त्या समाजाला पिंपरीच्या बराकीत बसून आपण कोण हे कचेरीस पटवून देण्याची वेळ यावी, हा दैवदुर्विलास होय. सरकारने १९४८ साली निर्वासितांच्या धंद्यास कर्ज देण्यासाठी पुनर्वसन वित्त प्रशासन उभे केले, १९५० साली मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे पडताळण्याचा कायदा केला आणि १९५४ साली भरपाईचा. दाव्यासाठी कागद हवा होता, आणि घाईघाईने आगबोटीत चढलेल्या पुष्कळांजवळ तोच नव्हता. मग जुन्या शेजाऱ्याच्या साक्षीवर आणि शपथपत्रावर भिस्त ठेवणे आले. या कायद्यांच्या मालिकेतील १९५१चा कर्जनिवारणाचा कायदा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे: निर्वासितांनी पूर्वीच्या मुलखात केलेली कर्जे त्यांच्यामागून सीमेपलीकडे आली होती, आणि त्यांची तडजोड करून देण्यासाठी हा कायदा करावा लागला. घर, दुकान, येणे आणि नाव तिकडे राहिले. देणे तेवढे बरोबर आले. पिंपरीच्या बाजाराने या अवस्थेतून जे साम्राज्य उभारले त्याचे भांडवल फेरीवाल्याची रोजची रोकड, जातभाईंची उसनवारी आणि घाऊक व्यापाऱ्याने आठवड्याच्या वायद्यावर दिलेला माल हे होते; बँकेची पायरी त्यानंतरची.

स्वातंत्र्यानंतरची काही दशके परदेशी निघालेल्याला सर्वांत मोठा अडथळा परक्या देशाचा नव्हता, तर आपल्याच सरकारच्या परकी चलनविषयक निर्बंधांचा होता. रत्नागिरी-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून आखातात गेलेल्यांना मात्र काही काळ विलक्षण सवलत लाभली: कुवेत, बहारीन, कतार आणि दुबईकडे रुपयाच चालत असे. तो रुपया सोन्याच्या चोरट्या व्यापारात खर्ची पडून परत येऊ लागला आणि भारताला त्याबदली पौंड मोजावे लागले, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने फक्त आखातात चालणाऱ्या निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने १९६१ साली, बहारीनने १९६५ साली, आणि रुपयाच्या अवमूल्यनाच्या वर्षी म्हणजे १९६६ साली कतार व दुबईनेही त्या सोडून दिल्या. अमेरिकेस निघालेल्या विद्यार्थ्याची गोष्ट तर घरोघर ठाऊक आहे. त्या काळी खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्या तरुणांची एक पिढीच होऊन गेली. विमानतळावर उतरल्यावर त्यांना पहिल्या महिन्याचे भाडे देणारा, बँकेत बरोबर येणारा आणि धनादेश कसा लिहावा हे दाखविणारा असे तो बहुधा आधी गेलेला एखादा मराठी विद्यार्थीच. १९३२ साली लंडनला आणि १९६९ साली शिकागोला स्थापन झालेली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सवासाठी प्रसिद्ध आहेत. नवख्याला भाड्याचे घर आणि बँकेचे खाते मिळवून देण्यास जी ओळख लागते, ती अशाच मेळाव्यांत जुळते.

इकडे पिंपरी-चिंचवडचा पट्टा स्वतःच लोकांचे गंतव्यस्थान झाला होता. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर भोसरी-आकुर्डीच्या माळांवर यंत्रे धडधडू लागली, आणि पगाराच्या पाकिटाची जागा हळूहळू बँकेच्या खात्याने घेतली. नव्याने आलेल्या कामगाराच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ गहन होता: कारखान्याचे ओळखपत्र हाच त्याचा दाखला बनला, आणि शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर असूनही मालकाच्या पत्रावर त्याचे खाते उघडले जाऊ लागले. हिंजवडीने हीच रीत पुढे नेली. आजही कंपनीत रुजू होणाऱ्या तरुणाचे पगारखाते पहिल्याच दिवसांत उघडते; पण त्याच्या इमारतीचा गिलावा करणाऱ्या मजुराला कंपनी नसते, ठेकेदार असतो, आणि म्हणून त्याचा जामीन निराळा असतो. २००६ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिल्यापासून, ज्या किराणा दुकानात तो तेल-मीठ उधार घेतो तेथेच बसलेला दुकानदार त्याची रोकड घेऊन दरभंग्यास वा पलामूला क्षणार्धात पोहोचती करतो. यंत्र बदलले, दस्तुरी राहिली, आणि आडत्याची जुनी जागा किराणेवाल्याने घेतली.

मारुंजीहून परदेशी जाणाऱ्याची स्थिती आज वरकरणी फार सुखाची आहे. २००४ साली रिझर्व्ह बँकेने वर्षाला पंचवीस हजार डॉलर नेण्याची जी मोकळीक दिली, तिची मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे. तथापि त्याची पहिली अडचण घरीच सुरू होते. नोकरीसाठी देश सोडला की त्याचे साधे बचत खाते कायद्याने अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते. सदनिकेचे भाडे, शेताचे उत्पन्न, जुन्या ठेवींचे व्याज त्यात जमा होते आणि व्याजावर मुळातच कर कापला जातो. परदेशी कमावलेला पैसा मात्र १९७० साली सुरू झालेल्या अनिवासी बाह्य खात्यात ठेवला तर त्याचे व्याज करमुक्त असते आणि तो केव्हाही परत नेता येतो. हा भेद न जाणता जुने खाते तसेच चालू ठेवणारे पुष्कळ असतात. गृहकर्जाचे हप्ते, सोसायटीची वर्गणी आणि आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च यांसाठी येथे कोणाच्या तरी नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे लागते, आणि बँकेचा गुप्त संकेतांक ज्या भारतीय भ्रमणध्वनीवर येतो तो चालू राहील याची तजवीज करावी लागते.

तिकडे पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशपरवान्यासाठीच वर्षाच्या खर्चाची सुमारे बारा हजार युरोची रक्कम गोठविलेल्या खात्यात आधी भरावी लागते, आणि तीतून दरमहा ठरावीक हिस्साच हाती येतो. इंग्लंडात घरमालक खात्याचा उतारा मागतो आणि बँक घराच्या पत्त्याचा पुरावा मागते, तेव्हा आरंभ कोठून करावा हेच कळेनासे होते. अमेरिकेत तर ३०० ते ८५० या मापाने प्रत्येकाची पत मोजली जाते, आणि पुण्यात वीस वर्षे एकही हप्ता न चुकविलेला गृहस्थ तेथे उतरतो तो या मापावर निरंक म्हणून. वीजजोडणीसाठी अनामत, मोटारीसाठी चढे व्याज आणि पतपत्रासाठी स्वतःच्याच पैशाचे तारण, असा त्याचा नवा जन्म होतो. लहान लहान खरेदी उधारीवर करून ती वेळेवर फेडीत राहणे हाच तेथे पत कमावण्याचा मार्ग आहे, ही गोष्ट उधारीस कमीपणा मानणाऱ्या मराठी मध्यमवर्गीयास प्रथम पचनी पडत नाही. या साऱ्या कष्टातून जो पैसा मायदेशी येतो त्याचे प्रमाण मात्र डोळे दिपविणारे आहे: रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशस्थांकडून येणाऱ्या रकमेत सर्व राज्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, २०.५ टक्के, आढळला.

उलट, मारुंजीस येऊन राहणाऱ्या परदेशस्थाची गोष्ट थोडी गमतीची आहे. १८० दिवसांहून अधिक राहावयाचे असेल तर चौदा दिवसांत परकी नागरिकांच्या नोंदणी कचेरीत नाव नोंदवावे, पारपत्र, प्रवेशपरवाना आणि भाडेकरार यांच्या प्रती बँकेत द्याव्यात, कायमस्वरूपी करखाते क्रमांक मिळवावा, आणि तोवर खिशातल्या नोटांवर निभवावे, असा त्याचा पहिला महिना जातो. ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेने भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांस असे कवेत घेतले आहे की, परदेशी पतपत्र घेऊन उभा असलेला श्रीमंत पाहुणा कोथिंबिरीची जुडी घेण्यास असमर्थ ठरतो आणि त्याच्या शेजारचा हमाल क्षणात पैसे चुकते करतो. २०२३ साली भारतात जी-२० परिषदा भरल्या तेव्हा पाहुण्यांसाठी याच व्यवस्थेचे निराळे पाकीट काढावे लागले, आणि त्याच वर्षी अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती इत्यादी दहा देशांतील भ्रमणध्वनींवरून अनिवासी भारतीयांनाही ती वापरण्यास मोकळीक मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूपीआय मॉरिशसला पोहोचली. एकोणिसाव्या शतकात मजुराच्या पाठोपाठ जेथे रुपया गेला, तेथे आता त्याचा अदृश्य अवतार गेला.

या सर्व सोयींच्या मुळाशी आज जो जामीन उभा आहे तो म्हणजे सरकारने दिलेला क्रमांक. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आला. टेंभलीहून ऊसतोडीस निघालेला मजूर आज कोणत्याही गावी आपली ओळख अंगठ्याने पटवू शकतो. देशाच्या सीमेआत ओळखीचा प्रश्न असा बराचसा सुटला. पण मनुष्य कोण हे सांगता येणे आणि त्याच्या शब्दावर किती विसंबावे हे सांगता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरी गोष्ट सीमेवरच अडते. भारतात २००० सालापासून पतनोंदीची संस्था आहे, पाश्चात्त्य देशांतही तशाच संस्था आहेत. परंतु पुणे आणि काशीच्या पेढ्यांमध्ये जसे परस्परांचे चालते खाते असे, तसा या संस्थांचा परस्परव्यवहार नियमाने आणि सर्रास होत नाही.

तो होऊ शकेल असे मानण्यास आधार आहे. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून अमलात आहे, आणि त्यामुळे एका देशात केलेल्या नोकरीची वर्षे दुसऱ्या देशातील निवृत्तिवेतनाच्या पात्रतेत धरली जातात. श्रमाची नोंद जर सीमा ओलांडू शकते, तर खातेदाराच्या संमतीने त्याच्या सचोटीची नोंद का ओलांडू नये? ज्या दिवशी दोन राष्ट्रे असा करार करतील, त्या दिवशी हुंडीच्या शास्त्रातील ‘शहाजोग’ हे कलम प्रथमच सामान्य मनुष्याच्या उपयोगी पडेल. तोवर परदेशी निघणाऱ्याने आपल्या जुन्या बँकेचे खातेउतारे, घरमालकाचे आणि मालकाचे पत्र, फिटलेल्या कर्जाचे दाखले बरोबर न्यावेत. कित्येक बँका ते पाहत नाहीत, पण काही पाहतात. आणि मारुंजीत नव्याने आलेल्या कोणाला, मग तो झारखंडचा असो वा जर्मनीचा, बँकेत बरोबर येण्यास, फॉर्म समजावून देण्यास किंवा भाडेकरारावर साक्षीदार म्हणून सही करण्यास आपण उभे राहिलो, तर अडीचशे वर्षांच्या या इतिहासात सर्वांत अधिक काळ टिकलेला जामीन तोच आहे, एवढे ध्यानात ठेवावे.